एकसारख्या दोन ओळी

बर्नीस निवृत्त होऊन अकरा वर्षे झाली होती, तरी दवाखान्याच्या मंजुरी विभागात रोज सकाळी तिची चौकशी व्हायची.

"बर्नीस आली का?" विभागप्रमुख डॅनेट झुपान कोट काढता काढता विचारायची.

"आली. कामाला लागलीय," एलार्ड सांगायचा.

"मूड कसा आहे?"

"तिसऱ्या साइटवर रुसून बसलीय. पासवर्ड बदला म्हणते."

"दे बाबा तिला काय हवं ते. सकाळी सकाळी कटकट नको."

खरी बर्नीस बहिणीबरोबर अॅरिझोनात राहायला गेली होती. इथे असताना तिचे काम एकच होते. पाच विमा कंपन्यांच्या पाच वेबसाइट उघडायच्या, प्रत्येकीवर नाव आणि पासवर्ड टाकून आत शिरायचे, यादीतल्या एकेका रुग्णाचा क्रमांक टाकायचा, आणि डॉक्टरांनी लिहून दिलेल्या तपासणीला कंपनीने मंजुरी दिली की नाही ते बघून तक्त्यात लिहायचे. दिवसभर तेच. ती गेल्यावर तिच्या जागी कुणाला घेतले नाही. एलार्ड टुओमिनेन तेव्हा बावन्न वर्षांचा होता. नोंदींच्या तळघरात इतकी वर्षे काढलेली, त्यामुळे माणसांपेक्षा तक्त्यांशी त्याचे अधिक जमायचे. त्याने ग्रंथालयातून एक जाड पुस्तक आणले आणि एका हिवाळ्यात तक्त्याच्या आतच मॅक्रो, म्हणजे संगणकाने आपोआप पाळायच्या सूचनांची यादी, लिहिला. सकाळी सात वाजता बटण दाबले की ब्राउझर आपोआप उघडायचा, रिकाम्या चौकटींत नाव आणि पासवर्ड उमटायचा, पान पुढे सरकायचे, रुग्णाचा क्रमांक पडायचा, आणि आलेले उत्तर तक्त्यात त्याच्या नावापुढे जाऊन बसायचे. पहिल्या दिवशी सगळा मजला ते बघायला आला होता. कुणीतरी म्हणाले, हे तर बर्नीसचे भूत. तेव्हापासून मॅक्रोचे नाव बर्नीस.

आपल्या हातून आयुष्यात एक गोष्ट बरी झाली, असे एलार्डला वाटायचे. तो ते कधी बोलून दाखवत नसे. आणि वाटले तरी लगेच मागोमाग शंका यायची की हे काम एखाद्या हुशार माणसाने याहून चांगले केले असते.

या वर्षी मे महिन्यात वरून निरोप आला की तो जुना ब्राउझर आता बंद होणार. बर्नीसला दुसऱ्या कुठल्या ब्राउझरमध्ये चालता येत नव्हते. मिनिआपोलिसची एक मंडळी नवी प्रणाली बसवणार होती, आणि त्यांना हवे होते की जुन्या मॅक्रोतली प्रत्येक ओळ काय करते ते एलार्डने लिहून द्यावे. म्हणून एका शुक्रवारी दुपारी, अकरा वर्षांनी, त्याने स्वतःचे लिखाण पहिल्या ओळीपासून वाचायला घेतले.

साठाव्या का एकसष्टाव्या ओळीवर तो थांबला. त्या ओळीचा अर्थ एवढाच होता, की चूक झाली तर थांबू नकोस, पुढच्या ओळीवर चल. शेजारी त्याने स्वतःसाठी टीप लिहिली होती: तात्पुरते, नंतर नीट करणे.

त्याला तो आठवडा आठवला. पहिल्या हिवाळ्यातला जानेवारी. एका कंपनीची साइट मधेच अडकायची, मॅक्रो बंद पडायचा, पडद्यावर एक ओळ पिवळी होऊन राहायची. एलार्ड तापाने घरी पडून होता आणि डॅनेटचे दिवसातून तीन तीन फोन येत होते. चौथ्या फोनला त्याने तिला ती ओळ तोंडी सांगितली, तिने ती टाइप केली, आणि बर्नीस पुन्हा कधी थांबली नाही.

थांबली नाही, म्हणजे पान आले नाही तेव्हा तिने काय केले?

हा प्रश्न त्याला आजवर पडला नव्हता. त्याने कागद घेतला आणि पेन्सिलीने मांडून पाहिले. मॅक्रो प्रत्येक रुग्णाचे उत्तर एकाच वाटीत घ्यायचा आणि तिथून तक्त्यात ओतायचा. पुढच्या रुग्णाकडे जाताना वाटी रिकामी करायला त्याने सांगितलेच नव्हते. पान नीट आले तर काही बिघडत नव्हते, नवे उत्तर जुन्यावर पडायचे. पण पान अडकले, तर वाटीत आधीच्या रुग्णाचेच उत्तर असायचे, आणि बर्नीस ते निमूटपणे पुढच्याच्या नावावर ओतून मोकळी व्हायची.

रोज सकाळी सगळी यादी पुन्हा तपासली जाते, तेव्हा दुसऱ्या दिवशी आपोआप दुरुस्त झाले असेल, असे त्याने स्वतःला सांगितले. मग लक्षात आले की सगळी नाही. 'विचाराधीन' असलेल्याच ओळी पुन्हा तपासल्या जात. 'मंजूर' किंवा 'नामंजूर' असे एकदा आले की ती ओळ यादीतून उठून 'संपलेले' नावाच्या पानावर जायची आणि तिकडे बर्नीस परत कधी फिरकायची नाही. तो नियमही त्याचाच.

प्रत्येक उत्तराबरोबर कंपनी एक क्रमांक देते, आणि दोन माणसांना कधी एकच क्रमांक मिळत नाही. तेव्हा लागोपाठच्या दोन ओळींत एकच क्रमांक असेल, तिथे ही चूक झाली. एलार्डने एक छोटा मॅक्रो लिहिला, अकरा वर्षांचे तक्ते त्यातून घातले आणि बटण दाबले. चष्मा पुसून होईपर्यंत उत्तर आले. एकोणीस जोड्या.

त्याने त्या एकेक करून पाहिल्या. बऱ्याचशा 'विचाराधीन' होत्या, त्या खरोखरच दुसऱ्या दिवशी दुरुस्त झाल्या होत्या. काही खोट्या 'मंजूर' होत्या, त्यांच्यावरून मागाहून कंपनीशी भांडणे झाली होती आणि आपण कंपनीला नावे ठेवली होती हेही त्याला आठवले. खोट्या 'नामंजूर' चार निघाल्या. तिघांनी फोनवर वाद घातला होता, परत तपासा म्हणून हटून बसले होते, आणि हाताने तपासल्यावर मंजुरी सापडली होती.

चौथे नाव व्हर्नर साल्मेला, वय एकाहत्तर. पाठीच्या कण्याचे एमआरआय. ऑक्टोबरातला मंगळवार, दोन वर्षांमागचा. शेरा होता: फोन केला. बरं म्हणाले. ए. टी.

ए. टी. म्हणजे तोच. नकाराचे फोन नेहमी एलार्ड करायचा. डॅनेटला ते करवत नसत, आणि त्याचा आवाज मऊ आहे असे सगळ्यांचे म्हणणे होते. दर मंगळवारी सकाळी तो दहाबारा जणांना फोन करून सांगायचा की तुमच्या कंपनीने नाही म्हटले आहे. या भागातली निम्मी माणसे ऐकून घ्यायची, क्षणभर गप्प राहायची आणि म्हणायची, बरं. कशाला कुणाला त्रास द्यायचा, असा इथला स्वभाव. असा 'बरं' आला की एलार्डला हायसे वाटायचे. भांडणाऱ्यांचा त्याला धाक वाटे. ही माणसे त्याला आवडत.

त्याने कंपनीची साइट उघडली. नाव आणि पासवर्ड स्वतःच्या बोटांनी टाकले, साल्मेलांचा क्रमांक टाकला. पान लगेच आले. मंजूर. मुदत नव्वद दिवस. ती मंजुरी तिथे नव्वद दिवस पडून होती आणि मग संपली होती.

दवाखान्याच्या नोंदीत ऑक्टोबरनंतर फेब्रुवारीपर्यंत काही नव्हते. फेब्रुवारीत रुग्णवाहिकेतून आणले, पायांतली शक्ती गेलेली. कण्यात गाठ. एप्रिलपासून नाव करड्या अक्षरांत होते. हयात नसलेल्यांचे नाव तसे येते.

सोमवारी डॅनेट आली तेव्हा तो तिच्या खोलीत आधीच उभा होता.

"दार लाव जरा," तो म्हणाला.

"राजीनामा देत असशील तर लावत नाही. मिनिआपोलिसवाल्यांना मी एकटी तोंड देणार नाही."

"तसं नाही. हे बघ."

तिने कागद घेतला. एलार्डने दोन्ही ओळींखाली पेन्सिलीने रेघ मारली होती. तिने एकदा वाचले, मग बोट ठेवून पुन्हा वाचले.

"नंबर दोन्हीकडे तोच आहे."

"हो."

"म्हणजे वरच्या ओळीतल्या बाईंचं उत्तर यांच्या नावावर पडलं."

"हो."

"फोन कुणी..." तिला शेऱ्यातली अक्षरे दिसली. ती खुर्चीत बसली. "अकरा वर्षांत कुणी काही बोललं नाही, एलार्ड."

"ज्यांनी विचारलं त्यांचं दुरुस्त झालं. यांनी विचारलं नाही."

"ती ओळ मी टाइप केली होती ना? तू तापात होतास."

"सांगितली मी होती."

तिने कागदाची घडी घातली. "हे वर न्यायला पाहिजे," ती म्हणाली. "मी नेते. तू नको. तू गेलास तर मला फाशी द्या म्हणून अर्ज करशील."

तीन दिवसांनी ती वरून उत्तर घेऊन आली. दवाखाना त्या घराला पत्र पाठवणार होता. वकील मजकूर बघत होते. तोपर्यंत त्या घराशी कुणी बोलायचे नाही.

"कुणी म्हणजे तू," ती म्हणाली. "तुझं नाव घेऊन सांगितलंय."

"पत्र कधी जाईल?"

"वकील आहेत ते, एलार्ड. त्यांना कधी घाई असते?"

"पत्रात काय लिहिणार?"

"नोंदींत तफावत आढळली, असं काहीतरी. मला काय विचारतोस?"

मग तिने आवाज खाली आणला. "हे बघ. तुझ्या निवृत्तीला चौदा महिने राहिलेत. तिथं गेलास तर तुला ठेवणार नाहीत. आणि जाऊन करणार काय? माणूस गेलाय."

पाच सोमवार त्याने तिला विचारले, पत्र गेले का. चार वेळा ती म्हणाली, अजून नाही. पाचव्या वेळी तिने नुसती नकाराची मान हलवली आणि संगणकाकडे तोंड केले.

जूनमधल्या एका शुक्रवारी बर्नीसचा शेवटचा दिवस होता. कुणीतरी केक आणला. त्यावर साखरेच्या अक्षरांत 'आभार, बर्नीस' असे लिहिले होते. शेवटचे बटण एलार्डने दाबावे असा आग्रह झाला. त्याने दाबले. ब्राउझर उघडला, चौकटी भरल्या, ओळी एकामागून एक उमटत गेल्या, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

"भाषण," कुणीतरी म्हणाले.

"त्याला नका छळू," डॅनेट म्हणाली. "केक खा."

एलार्डच्या हातात बशी होती. तो त्या उमटणाऱ्या ओळींकडे बघत होता. कुठली ओळ खरी आणि कुठली नाही, हे बघून कळत नव्हते. सगळ्या सारख्याच नीट दिसत होत्या.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी, तो टॉवर गावाच्या रस्त्याला लागला.

साल्मेलांचे घर डांबरी रस्ता संपतो त्याच्या पुढे होते. ताडपत्रीखाली रचलेली लाकडे, मागे वाफ घेण्याची लहानशी सौना, दारासमोर रांगेत लावलेले बटाटे. व्हर्नरची बायको इर्या साल्मेला बटाट्याच्या वाफ्यात वाकलेली होती. सत्तरीची, बुटकी, पायांत पुरुषी रबरी बूट. गाडीचा आवाज ऐकून ती सरळ झाली.

"विकायला आला असाल तर मला काही नको," ती म्हणाली.

"विकायला नाही. मी दवाखान्यातून आलो. एलार्ड टुओमिनेन. मंजुरी विभागात असतो."

"टुओमिनेन. कुठले, सूडान गावचे की एली गावचे?"

"सूडानचे. वडील खाणीच्या भांडारात होते."

"हं." तिने हात झटकले. "या मग. बूट दारात काढा."

त्या भागात आलेल्याने कॉफीचा पहिला पेला संपेपर्यंत हवापाण्याचे बोलावे आणि कामाचे दुसऱ्या पेल्याला काढावे, अशी रीत आहे. एलार्डला ती जन्मापासून ठाऊक होती. तरी इर्याने वेलदोड्याच्या पावाच्या चकत्या बशीत मांडल्या, कॉफी ओतली, आणि ती समोर बसायच्या आत तो बोलून गेला. त्याने वाक्ये एका कार्डावर लिहून आणली होती. कार्ड खिशातच राहिले. दोन वर्षांमागे व्हर्नरच्या तपासणीला कंपनीने मंजुरी दिली होती, आमच्या तक्त्यात चुकून नामंजूर असे लिहिले गेले, आणि ते तसेच त्यांना कळवले गेले. वाटी, ओळ, क्रमांक हेही त्याने सांगितले. जितके सोपे करता येईल तितके केले.

इर्या अजून उभीच होती. तिचा हात किटलीच्या कानावर होता.

"म्हणजे मशीनची चूक," ती शेवटी म्हणाली.

हो म्हणणे सोपे होते. ती स्वतःच ते त्याच्या हातात ठेवत होती.

"नाही," तो म्हणाला. "चूक झाली तरी थांबू नको, असं मशीनला मी सांगून ठेवलं होतं. चूक माझी आहे."

"आणि तुम्ही त्याला फोन करून तसं कळवलं."

"हो. मीच केला फोन."

"म्हणजे फोन आला होता."

तिचे वाक्य त्याला नीट कळले नाही. "कुणाला?"

"व्हर्नरला. नाही म्हणून सांगणारा फोन. तो खरंच आला होता."

"आला होता. मंगळवारी सकाळी. मी केला होता."

इर्या खुर्चीत बसली. किटली तशीच हातात होती, ती तिने टेबलावर ठेवली, पण हात काढला नाही.

"कंपनीचं पत्र आलं होतं," ती म्हणाली. "मंजूर म्हणून. तुम्ही म्हणता त्याच आठवड्यात, गुरुवारी. मी फोडलं. मी म्हटलं, व्हर्नर, हे बघ, झालं काम. तो म्हणाला, परवाच फोन आला होता, नाही म्हणाले. मी म्हटलं, कुणाचा? म्हणे नाव विचारलं नाही, सभ्य माणूस होता. पत्रावरची तारीख सोमवारची होती. तो म्हणाला, फोन नंतरचा आहे, म्हणजे त्यांनी विचार बदलला असणार."

"हो," एलार्ड म्हणाला.

"मी हसले. त्याला कोंडलेली जागा सहन व्हायची नाही, कळलं का? तरुणपणी रस्त्याखालून पाणी जाणाऱ्या मोठ्या नळात अडकला होता एकदा, अर्धा दिवस. तेव्हापासून लिफ्टमध्येसुद्धा पाय ठेवायचा नाही. आणि ते मशीन म्हणजे बोगदाच. मला वाटलं, याला जायचं नाही म्हणून हा फोनचं रचतोय. मी म्हटलं, अठ्ठेचाळीस वर्षांत तुला खोटं बोलताना पाहिलं नाही, निदान आता बोलायचंच तर नीट बोलायला शीक."

तिने पावाची एक चकती उचलली आणि पुन्हा बशीत ठेवली.

"पत्र मी कपाटावर चिकटवून ठेवलं. येता जाता दिसेल असं. म्हटलं, तू स्वतः दवाखान्यात फोन कर. मी करणार नाही. एक फोन करायचा होता मला. नंबर पत्रावरच होता. पण मी अडून बसले. म्हटलं बघू किती दिवस टाळतो."

"त्यांनी केला नाही."

"एकदा नाही ऐकल्यावर पुन्हा विचारायला जाणारा माणूस नव्हता तो. तुमच्याकडे कुणी होतं का तसं? माझ्या तर माहेरी सगळे तसेच. त्यानं ते पत्र एकदाही काढून टाकलं नाही, खोटं बोलणाऱ्यानं टाकलं असतं, तेव्हाही मला कळायला हवं होतं." ती थांबली. "नाताळात डेल आला, आमचा मुलगा. त्याला मी सांगितलं. तो म्हणाला, बाबा, मी येतो तुमच्याबरोबर त्या बोगद्यात, हात धरून बसतो. सगळे हसलो आम्ही. व्हर्नर उठून सौनेत लाकडं घालायला गेला आणि जेवणापर्यंत आत आला नाही."

बाहेर एक गाडी धूळ उडवत गेली. दोघांनी तिचा आवाज संपेपर्यंत ऐकला.

"त्या हिवाळ्यात आम्ही फारसं बोललो नाही. तो कॉफी घेऊन उठायचा, मग मी घ्यायची. फेब्रुवारीत पाय गेले. दवाखान्यातसुद्धा मी त्याला म्हणायची, गेला असतास तर. आणि दर वेळी तो म्हणायचा, फोन आला होता, इर्या. दर वेळी. मी मान फिरवायची."

"तेव्हा तपासणी झाली असती तरी डॉक्टरांना कितपत..." एलार्डने सुरू केले आणि सोडून दिले. त्याला ते माहीत नव्हते. "मला फार वाईट वाटतं. माझ्यामुळे झालं."

"ते राहू द्या." ती उठली. भिंतीवरचा फोन काढून तिने नंबर फिरवला आणि आवाज खोलीत ऐकू येईल असे बटण दाबले. "डेलला सांगा. त्यालाही मीच सांगितलं होतं, बाप थापा मारतो म्हणून."

पलीकडे गवत कापण्याच्या यंत्राचा आवाज होता, तो थांबला.

"काय गं आई? बरी आहेस ना?"

"बरी आहे. इथं एक गृहस्थ आलेत दवाखान्यातून. ते काय म्हणतात ते ऐक. मधे बोलू नकोस."

एलार्डने परत सांगितले. या वेळी थोडक्यात झाले. शेवटी म्हणाला, "तुमच्या वडिलांना फोन गेला होता. ते खरं बोलत होते. फोन मी केला होता."

एलार्डला वाटले फोन तुटला.

"डेल," इर्या म्हणाली.

"ऐकतोय."

"एवढंच."

"नाताळात मी..." डेल म्हणाला. मग म्हणाला, "ते अजून तिथंच आहेत का?"

"आहेत. कॉफी घेतायत."

"मी उद्या येतो."

"यायलाच पाहिजे असं काही नाही."

"येतो. काही आणायचंय?"

"विहिरीच्या पंपाची जाळी आण. वाळू येतेय पाण्यात."

"मोठी की लहान?"

"मागच्या वेळी आणलीस ती. लहान."

"बरं."

तिने फोन भिंतीवर अडकवला आणि तिथेच, पाठमोरी, उभी राहिली. एलार्डला वाटले, आता आपण निघावे. त्याने खुर्ची थोडी मागे सरकवली.

"तो काय म्हणाला?" इर्याने विचारले.

"कोण?"

"व्हर्नर. तुम्ही सांगितलं, कंपनी नाही म्हणाली. मग तो काय म्हणाला?"

"बरं म्हणाले."

"नुसतं बरं?"

"मी तेवढंच लिहून ठेवलंय."

ती वळली. "लिहिलेलं नको मला. तुम्ही ऐकलंत ना? त्या दिवशी तुम्ही बोललात त्याच्याशी. त्यानं विचारलं का, नक्की का म्हणून? थांबला का? का सुटल्यासारखा बोलला?"

एलार्डने तो मंगळवार डोळ्यांपुढे आणायचा प्रयत्न केला. टेबल आठवले, कानाला फोन धरून धरून दुखणारी मान आठवली, यादीवर एकेका नावापुढे खूण करणारी पेन्सिल आठवली. पुरुषांचे आवाजही आठवले, खूप आवाज, खाकरणारे, दमलेले, बरं म्हणणारे. त्यांत व्हर्नर साल्मेला कोणता हे त्याला सांगता येईना. त्या वर्षात त्याने असे पाचशे तरी फोन केले असतील. ज्यांनी भांडण केले ते आवाजानिशी लक्षात होते. ज्यांनी काही त्रास दिला नाही ते फोन ठेवता ठेवता पुसले गेले होते.

तिला काहीतरी देता आले असते. ते दोनदा म्हणाले, खात्री आहे ना, असे सांगता आले असते. थोडे गप्प झाले होते, असे म्हणता आले असते, आणि ते बहुधा खरेही निघाले असते. ती तेच धरून बसली असती, उरलेली सगळी वर्षे. वाक्य त्याच्या ओठांपर्यंत आले.

"मला आठवत नाही," तो म्हणाला.

इर्याने खुर्ची ओढली आणि त्याच्या अगदी समोर बसली. हात मांडीवर ठेवले. त्यांना बटाट्याच्या वाफ्यातली माती होती.

"मला घाई नाही," ती म्हणाली. "आठवून बघा."

एलार्डने डोळे मिटले. तो आठवत राहिला. ऊन खिडकीतून टेबलावर आले आणि टेबलावरून खाली गेले. मधे एकदा त्याने डोळे उघडले तेव्हा ती त्याच्या तोंडाकडे बघत होती. त्याने नकाराची मान हलवली. तिने त्याला जायला सांगितले नाही.